सहावा रकाना

लोइझे उर्शिच यांच्याकडे कार्डं लिहायला लागले
त्या दिवशी त्यांनी एक शिरस्त्राण माझ्या हातात ठेवलं
आणि म्हणाले, भोकात बोट घाल.
घातलं. पत्र्याच्या कडा आत वळलेल्या,
एखादं फूल उलटं उमलावं तशा.
गोळी पत्रा ढकलते, ते म्हणाले,
ड्रिल नुसता खरवडतो.
व्हिएन्नाच्या बाजारात मिळणारे दहातले सात शिपाई
कुणाच्या तरी गॅरेजात मेलेले असतात.

त्यांचं संग्रहालय म्हणजे मागची लाकडं ठेवायची शेड.
मे महिन्यात क्र्नवरचं बर्फ ओघळलं
की डोंगर आपणहून एकेक वस्तू सोडायचा:
तीन दातांचा कंगवा,
उन्हाने फुगलेला बूट, आत अजून मोजा,
एकाच पलटणीची एक्केचाळीस बटणं.
(बेचाळिसावं ते बारा वर्षं शोधत होते.)

प्रत्येक वस्तूचं एक कार्ड, कार्डाला सहा रकाने.
काय. कुठे, उंचीसकट.
खोली किती, सेंटिमीटरमध्ये.
कधी. कुणाला सापडलं.
आणि सहावा, साक्षीदाराची सही.
सहावा कोरा राहिला तर ते भंगार,
मग त्याला रक्त लागलेलं असो नाहीतर देवाचं बोट.
एकदा ट्रिएस्टहून आलेल्या एका डॉक्टरने
कुप्पीसाठी टेबलावर नोटा मोजल्या,
कागद नंतर पाठवा म्हणाला.
लोइझेंनी नोटा त्याच्याच टोपीत भरून
टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.

झोफ्का आली ती अठ्ठ्याण्णवच्या शरदात,
द्रेझ्नित्साहून, पुतण्याच्या ट्रॅक्टरवर बसून.
वय नव्वद. रुमालात एक चमचा,
देठाला आडव्या खाचा, सतरा.
आमच्या गवताच्या माळ्यावर झोपायचा, ती म्हणाली,
सार्डिनियाचा होता, मला दहापर्यंत आकडे शिकवले.
ऑक्टोबरात एका रात्री सगळे वर गेले.
चमचा खालीच राहिला.

लोइझेंनी पेनाचं टोपण काढलं.
माझ्या ओळखीत त्यांचा हात
पहिल्यांदाच थोडा हलत होता.
नाव?

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
सांगितलं होतं त्याने, ती म्हणाली.
ऐंशी वर्षं चमचा सांभाळला,
नाव तेवढं सांडलं.

एवढ्यावरही चालेल, ते म्हणाले, तुम्ही स्वतः पाहिलंय,
इथे सही करा.
तिने कार्ड हाताच्या लांबीवर धरून वाचलं
आणि परत दिलं.
अर्ध्या गोष्टीवर मी सही करत नाही.

मग विकत द्या, लोइझे म्हणाले.
सहावा रकाना कोरा असताना
असं म्हणणारे लोइझे मी कधी पाहिले नव्हते.
त्यांनी आकडा सांगितला. पुतण्याने दारातून आत डोकावलं.
झोफ्का रुमालाची गाठ मारत होती.
आणि मीठ कशाने घेऊ?

नंतर एकदा तिच्याकडे पोलेंटा खाल्ला मी.
ओट्यावर निळा पत्र्याचा डबा, त्यात तो, देठापर्यंत रुतलेला.
खाचा मोजायच्या असं ठरवून गेले होते,
बोलता बोलता राहून गेलं.

त्या रात्री लोइझेंना न सांगता कार्ड केलं.
काय: चमचा. कुठे: द्रेझ्नित्सा, ५४० मीटर.
पुढे काय लिहावं सुचेना,
खणात तळाशी सरकवून दिलं.

हिवाळ्यात ते गेले.
शेड आवरताना खण उघडला तर कार्ड वरच पडलेलं.
तिसऱ्या रकान्यात पेन्सिलने,
त्यांच्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात:
खोली, मिठात, चार सेंटिमीटर.